दुसरं गेट

१९ जून २००३
बेणं आलं. अर्ध्या गोण्या लाल, अर्ध्या हिरव्या. आतला बटाटा एकच. दोन्ही वेफर्सवाल्या कंपन्या एक झाल्या, तरी छापलेल्या गोण्या संपेपर्यंत वापरणार म्हणे. गावात अजून लालवाले आणि हिरवेवाले असंच चालतं.
पाऊस भुरभुर. वापसा होऊन माती मोकळी झाल्याशिवाय लागवड नाही.
संध्याकाळी मंचरच्या वकीलबाईंचा फोन. कं. वर गेली, म्हणजे निकालाविरुद्ध हायकोर्टातच दोन जजांपुढे अपील केलं. मी घरात येऊन "कंपनी वर गेली" म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "आगं बाई, कधी?" त्यांना वाटलं कुणी वारलं.

२२ जून
जजसाहेबांनी घातलेल्या अटी लिहून ठेवते. सारखं वकीलबाईंना विचारायला लाज वाटते.
लालवाल्यांनी हिरव्यावाल्यांना पोटात घ्यायला परवानगी मिळाली ती तीन अटींवर. बेणं त्यांचं घेतलं तरी बेण्याची किंमत फेडून माल दुसऱ्या कुणालाही विकता येईल. पेठचं आणि मंचरचं, खरेदीची दोन्ही गेटं चालू ठेवायची, आणि एका गेटच्या साहेबानं दुसऱ्या गेटच्या साहेबाला विचारून माल घ्यायचा-नाकारायचा नाही. आणि हिरव्यावाल्यांचं मंचरच्या गेटला लागूनचं कोल्ड स्टोअर बाहेरच्या कुणाला तरी विकून टाकायचं. म्हणजे बटाटा घेणारा, साठवणारा दुसरा कुणी तालुक्यात उरेल.
पहिल्या दोन लिहिताना हात सरळ चालला. तिसरीला थांबला. त्या को.स्टो.चा मॅनेजर दत्ता. माझा पाठचा भाऊ.

६ जुलै
लागवड उरकली. कंबर मोडली. हे काल चाकणहून आले, कारखान्याला सुट्टी होती, म्हणून शेवटचं वावर निभावलं.
दुपारी देवळात बैठक. पठारावरचे बटाटेवाले सगळे. किसनभाऊंनी बोलावली होती. त्यांच्याकडे अजून मेंढरं आहेत, पण आता बटाटाही आमच्याइतकाच लावतात. बोलायला सगळे त्यांनाच पुढं करतात.
अपिलात कं.नं माझं नाव घेतलंय. कोर्टात आमच्या बाजूनं प्रतिज्ञापत्र माझं आहे, कारण कंपनीशी करार माझ्या नावावर आणि घडलं माझ्याच ट्रॉलीबाबत. तेव्हा कंपन्या वेगळ्या होत्या. लालवाल्यांच्या पेठच्या गेटवर आमच्या बटाट्याचे काप करून तळले, काप काळपट पडले म्हणाले, ट्रॉली परत. मी तशीच ट्रॉली मंचरला न्यायला लावली. हिरव्यावाल्यांनी त्याच दुपारी माल घेतला. त्यांच्या कढईत काप पांढरे निघाले. मी एवढंच सांगितलंय: दुसरं गेट होतं म्हणून माल फेकावा लागला नाही.
आता कं. म्हणते, मंचरला बाईंचा भाऊ नोकरीला आहे, म्हणून माल घेतला. स्पर्धा वगैरे काही नाही, नातं.
मग किसनभाऊ म्हणाले, "वैनी, राग नका मानू. पर दत्ताभाऊनी तवा शबूद टाकला व्हता का?"
"मला माहीत नाही," मी म्हटलं.
खरंच माहीत नाही. त्या दिवशी मी ट्रॉलीमागून एस.टी.नं गेले. पोचले तेव्हा माल उतरत होता. दत्तानं चहा पाजला. मी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही, की विचारायचं नव्हतं, आता सांगता येत नाही.

२० जुलै
बोरीला जाऊन आले. आईचा गुडघा सुजलाय. दत्ता घरी नव्हता. रविवार असून ड्यूटी, असं लता म्हणाली. लता म्हणजे दत्ताची बायको. चहा दिला, पण शेजारी बसली नाही.
आई सरळ बोलली. "तुमच्या कोरटात माझ्या लेकाची भाकरी जायची आसंल, तर मला आधी सांग. मी तयारीत ऱ्हाते."
मी म्हटलं, "आई, मी पण तुझीच लेक आहे."
"म्हनून तर इचारते. परक्याला इचारलं आसतं का?"
येताना शेपूची जुडी दिली. आई रागावली की द्यायला काहीतरी हुडकते.

४ ऑगस्ट
श्रावणी सोमवार. भीमाशंकर. दत्ता स्वतःहून फोन करून म्हणाला, चल, दरवर्षी जातोच की. घोडेगावला भेटलो. डिंभ्यापर्यंत बस नीट आली, पुढं टायर बसलं. तासभर तरी धरणापाशी थांबलो. पाणी अजून खाली. दोन बायका मासे घेऊन बसलेल्या, श्रावणात गिऱ्हाईक नाही. एक म्हणाली, "जाताना न्हाई तर येताना तरी घ्या, ताई. देव काय पाटी उघडून बघतो व्हय?" दोघंही हसलो. हसल्यावर तो बोलायला लागला.
"कंपनीनं मला बोलावलं व्हतं. पुन्याच्या हापिसात."
"काय म्हणाले?"
"लिहून द्या म्हनले, की गेटवाल्याला मी सांगितलं, बहिनीचा माल हाय, घे."
"सांगितलं होतंस?"
तो पाण्याकडं बघत होता.
"मी गेटवर व्हतो, आक्का. ट्रॉली वळखली. काय बोललो न्हाई. पर मी तिथं उभा व्हतो. मला बघून तो काय समजायचं ते समजला आसंल, तर मी कसं सांगू?"
"माल चांगला होता की नाही?"
"चांगला व्हता. कढई मी बघितली. पर मी बघितली म्हनून त्यानं लई बारीक बघितली न्हाई, आसंबी झालं आसंल."
मग म्हणाला, त्यांना हवं तसं लिहून दिलं तर पुण्याच्या ऑफिसात जागा. को.स्टो. विकलं जावो न जावो, त्याची नोकरी पक्की.
"आणि बाकीची माणसं?"
"बाकीच्यांचं कुनी बोलतच न्हाई."
मी विचारलं, काय करणार. म्हणाला, "आधी दर्शन घेऊ."
वर धुकं इतकं की कळस दिसला नाही. रांगेत तो माझ्यामागं होता. येताना मासे घेतले नाहीत, पण तिच्याशी बोलून आलो.

१२ ऑगस्ट
राखी. आला. बांधली. लता आणि पोरं पण आली. कोर्टाचा विषय कुणीच काढला नाही. सासूबाईंनी काढायचा प्रयत्न केला, ह्यांनी टी.व्ही. मोठा केला.

३ सप्टेंबर
वकीलबाईंनी बोलावून घेतलं. गणपतीची गर्दी, मंचरला पाय ठेवायला जागा नाही. दत्ताचं प्रतिज्ञापत्र कं.नं कोर्टात दिलंय, त्याची प्रत आली. वकीलबाईंनी इंग्रजीतून मराठीत सांगत सांगत वाचलं.
डिंभ्याला बोलला तेच. मी गेटवर उभा होतो. काही बोललो नाही. माल मी पाहिला, चांगला होता. गेटवाल्याच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही.
वकीलबाईंचं तोंड उतरलेलं. "ताई, हे आपल्याला जड जाणार. भाऊ गेटवर हजर, एवढंच त्यांना पुरे आहे."
मी म्हटलं, "पण त्यांना हवं ते त्यानं लिहिलं नाही."
"नाही लिहिलं. आपल्याला हवं तेही नाही लिहिलं."
बाहेर येऊन उसाचा रस प्यायले. खटल्याचं वाईट वाटायला हवं होतं. मला मात्र हलकं हलकं वाटत होतं. पुण्याची जागा गेली त्याची. एका कागदात त्यानं दोन्हीकडची माणसं नाराज केली, आणि मला आठवतंय तेव्हापासून तो असाच आहे. लहानपणी भांडण मिटवायला बोलावलं की दोघांचंही चुकलंय म्हणून सांगायचा आणि दोघांचाही मार खायचा.

२७ सप्टेंबर
काढणी. पाऊस कमी, बटाटा बारीक, पण करपा नाही. किसनभाऊंची मेंढरं रिकाम्या वावरात सोडली. पोर-बाया-माणसं सगळी वाकलेली, आणि ती पांढरी-काळी मागं मागं चरत येतात. मला ते बघायला आवडतं.
पहिली ट्रॉली पेठच्या गेटवर. नवीन पोरगेला साहेब. नाव विचारलं, सांगितलं. तो एकदम माझ्याकडं बघायला लागला, आत गेला, फोनवर बोलून आला. कढई तापली. काप सोडले. वर आले ते पांढरे स्वच्छ. "पास," म्हणाला, "या, बाई, खुर्ची घ्या." खुर्ची आजपर्यंत कुणी दिली नव्हती.
घरी येताना डोक्यात एकच. माल चांगला म्हणून घेतला, की कोर्टात माझं नाव आहे म्हणून घेतला? त्या साहेबाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, काप पांढरे होते. होतेच. दत्तालाही असंच वाटलं असेल तेव्हा.

८ ऑक्टोबर
उद्या मुंबईत तारीख. आळेफाट्याहून माळशेजमार्गे एस.टी. मी, किसनभाऊ, वकीलबाई. वाशीच्या मार्केटात किसनभाऊंचा पुतण्या माथाडी आहे, मुक्काम त्याच्याकडे. किसनभाऊंनी घाटात डोळे मिटून घेतले. "मेंढरं घिऊन चालत उतरलोय हा घाट, तवा भ्या न्हाई वाटलं. ह्या डायवरचं वाटतंय."

९ ऑक्टोबर
कोर्ट. सगळं इंग्रजीत. काळे कोट एवढे, की आमच्या वकीलबाई मधेच हरवल्या. आमच्यासाठी बोलायला त्यांनी मुंबईचे एक वकील धरलेत, शांत माणूस, सारखे चष्मा पुसणारे. कं.चे वकील उंच, आवाज मोठा. मी माझं नाव ऐकलं दोनदा. एकदा 'ब्रदर' ऐकलं, तेवढं कळलं.
दत्ता कं.च्या लोकांबरोबर पलीकडच्या बाकावर. इस्त्रीचा शर्ट. माझ्याकडं बघितलं, मान हलवली.
वकीलबाईंनी नंतर सांगितलं ते असं. कं.चे वकील म्हणाले, बाईंचा माल भावामुळे गेला, म्हणून दुसऱ्या गेटची गरजच सिद्ध होत नाही. तेव्हा दोघांपैकी वयस्कर जजसाहेब म्हणाले, भाऊ असो नसो, उभं राहायला दुसरं गेट होतं की नाही? कं.चे वकील म्हणाले, होतं. मग पुढं जा, जजसाहेब म्हणाले.
मग को.स्टो.वर बराच वेळ. आमचे चष्मेवाले वकील म्हणाले, ते विकल्याशिवाय नवा खरेदीदार येणारच नाही. दुसरे जजसाहेब, तरुण, त्यांनी विचारलं, तिथल्या कामगारांचं काय? त्यांचं कुणी ऐकलंय का? दोन्ही बाजूंचे वकील कागद चाळायला लागले. ते मला इंग्रजी न कळताही कळलं. आमच्या बाजूनंही कुणी विचार केला नव्हता. मीही नाही. म्हणजे दत्ताचा केला होता, पण तिथं हमाल आहेत, मशीनवाले आहेत, मंचरच्या दोन बाया बटाटे निवडायला येतात, त्यांचा नाही.
जेवायच्या सुट्टीत जिन्यापाशी डबा उघडला. दत्ता आला आणि शेजारी बसला. चपाती, बटाट्याची सुकी भाजी, ठेचा. किसनभाऊ म्हणाले, "हितंबी बटाटाच?" कं.चा एक तरुण साहेब जाता जाता थबकला. "तुम्ही... एकत्र?"
दत्ता म्हणाला, "बहीन हाय माझी. तुमीच लिवलंय की कागदात."
तो साहेब हसला बिचारा. किसनभाऊंनी त्याला भाजी पुढं केली, त्यानं एक घास खाल्ला पण.
निकाल राखून ठेवला. म्हणजे नंतर देणार.

१० ऑक्टोबर
परत. पाय सुजले. दत्ता कं.च्या गाडीतून आला नाही, आमच्याबरोबर एस.टी.नं आला. ओतूरच्या पुढं मला म्हणाला, "त्या जजनी इचारलं तवा मला बरं वाटलं, आक्का. आन वाईटबी. आमचं बोलायला मुंबईचा जज लागला."
मी खिडकी बंद केली, वारं लागत होतं.

२६ ऑक्टोबर
भाऊबीज. बोरीला गेले मी. आई खूश, गुडघा बरा. ओवाळताना दत्ता म्हणाला, "ह्या वर्षी ओवाळनीत काय देऊ, कोल्ड स्टोअर?" लता पहिल्यांदा माझ्यासमोर हसली. मग स्वयंपाकघरात मला म्हणाली, "ताई, तुमच्यावर राग व्हता. पुन्याची जागा सोडली तवा तुमच्यावरचा ह्यांच्यावर गेला. आता कुनावर करायचा?" मी म्हटलं, माझ्यावरच कर, मला सवय आहे. ती लाटत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "तुमच्या जागी मी तुमच्या त्या कोरटाच्या कागदावर सही केली असती का, म्हनून इचार करते. केली असती बहुतेक."

१५ नोव्हेंबर
काही नाही. हरभरा पेरला. निकाल नाही. शेवटची ट्रॉली मंचरच्या गेटवर घातली, मुद्दाम. घेतली. दत्ता त्या दिवशी गेटकडं फिरकलाच नाही, आत मशीनपाशी जाऊन बसला होता. चहाही बाहेर पाठवला नाही. मी तशीच आले. वाईट नाही वाटलं.

१८ डिसेंबर
निकाल. वकीलबाईंनी शाळेतल्या फोनवर निरोप ठेवला, गुरुजी सायकलवरून सांगत आले, त्यांना अर्धंच आठवत होतं. मग मीच फोन केला.
पहिली अट राहिली. बेण्याची किंमत फेडली की माल कुठंही. दुसरी राहिली, दोन्ही गेटं चालू. तिसरी रद्द नाही, कायमही नाही. को.स्टो. विकायचं की नाही, कसं विकायचं, ते कामगारांचं ऐकून अटी घालणाऱ्या पहिल्या जजसाहेबांनी पुन्हा ठरवायचं. तोवर विकायचं नाही आणि बंदही करायचं नाही.
वकीलबाई खूश. "ताई, बरंचसं आपलंच झालं."
माझ्या ट्रॉलीबद्दल काय लिहिलंय विचारलं. म्हणाल्या, एका वाक्यात उरकलंय. भाऊ होता की नव्हता यात जायची गरज नाही, असं.
इतके दिवस मी आणि दत्ता त्यातच गेलो होतो. आणि त्यांना जायची गरज नाही.
किसनभाऊंनी देवळात पेढे वाटले. म्हणाले, "वैनी, तुमी जिकल्या." मी पेढा घेतला. त्यांच्या पोरानं विचारलं, बंगलोरचे कुणी व्यापारी को.स्टो. बघून गेले होते म्हणे, ते आता येणार का? कुणालाच माहीत नाही. को.स्टो. नसलं तर ते बटाटा घेऊन ठेवणार कुठं?

२ जानेवारी २००४
थंडी. हरभरा फुलात. दत्ताचा फोन, रविवारी येतो. एकटा नाही, म्हणाला.

४ जानेवारी
आला. बरोबर को.स्टो.मधले मशीनवाले शिंदेमामा आणि निवडायला येणाऱ्यांपैकी एक, हौसाबाई. शिंदेमामा अंगणात उभेच. "बसा की," म्हटलं तेव्हा बसले. कोर्टात कामगारांचं म्हणणं द्यायचंय. कं.नं वकील देऊ केलाय, पण हौसाबाई म्हणाल्या, "कंपनीचा वकील कंपनीचंच बोलंल. आमाला काय कळत न्हाई व्हय?"
वकील लागेलच, मंचरला दुसरे एक बघितलेत त्यांनी. पण आधी आपलं म्हणणं आपण मराठीत मांडा, असं त्या वकिलांनी सांगितलंय.
दत्ता म्हणाला, "आक्का, लिहायला तू बस. तुला सवय हाय."
"अरे, मी तर विरुद्ध बाजूची."
"म्हनून तर. काय इचारतील ते तुला म्हाईत."
मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "बस." आणि स्वतः चहा टाकायला गेले. आजवर दोनदाच टाकलाय.
शिंदेमामा सांगत होते, मी लिहीत होते. अमोनियाचा वास घरी गेल्यावरही जात नाही. मशीन बंद पडलं की सणाला पण यावं लागतं. हौसाबाईंचे हात बाराही महिने गार पडतात, त्यांनी मला हात लावून दाखवला. हे सगळं लिहिलं. मग मुख्य मुद्द्यापाशी आलो. दत्ता म्हणाला, "लिही, को.स्टो. विकू नये."
मी पेन खाली ठेवलं. "हे मी लिहिणार नाही, दत्ता. नाही विकलं तर दुसरा खरेदीदार कुठून येणार? पुढच्या साली माझी ट्रॉली कुठं जाणार?"
हौसाबाई माझ्याकडं बघायला लागल्या. कुणी रागावलं नाही. शिंदेमामा म्हणाले, "बाईचंबी बराबर हाय. आमचा जावई बटाटाच लावतो."
मग एक सुचलं म्हणून मी म्हटलं, "असं लिहू या. विकायचं तर माणसांसकट विकावं."
दत्ता एकदम माझ्याकडं वळला. "मानसांसकट? आमी काय बारदान हाय का, मालासंगती जायला?"
मी चांगलं म्हणूनच सुचवलं होतं. हौसाबाई पदरात हसल्या, पण त्यांनाही ते लागलं असावं. "मंग काय म्हनायचं?" त्या म्हणाल्या. "इकनाराबी आमाला इचारीत न्हाई, घेनाराबी न्हाई. तू तरी सबूद हुडक."
बराच वेळ बसलो. ऊन ओट्यावरून खाली गेलं. दत्ता म्हणाला, घेणाऱ्याला कामगार हवे असतील, पण कामगाराला घेणारा हवा की नको ते कोण विचारणार? मी म्हटलं, विचारण्यानं पोट भरत नाही, आधी कामावर ठेवणं महत्त्वाचं. शिंदेमामा कधी त्याची बाजू घ्यायचे, कधी माझी. हे चहाचे कप गोळा करताना म्हणाले, दोन्ही लिहा. तर दत्ता म्हणाला, "दाजी, दोनी लिहिलं की कोरट एकच देतं. कंचं पुढं लिवायचं ते ठरवावं लागतंय."
पाचच्या बसला गेले तिघं. कागद इथंच ठेवलाय. वरचं सगळं झालंय, खाली 'घेणाऱ्याने कामगारांना' एवढंच आहे. पुढं 'ठेवावे' की 'विचारावे', यावर आमचं अजून जमलेलं नाही.